मे महिन्यात तळ्याकाठी राहायचं, तर धरणाच्या भिंतीजवळ

प्रश्न : आम्ही दोघं पुण्यात नोकरी करतो. गेल्या मे महिन्यात एका धरणाच्या काठी तंबूत राहायला गेलो होतो. फोटोत तंबूच्या दारापर्यंत पाणी होतं. प्रत्यक्षात पाणी लांब आणि मधे नुसता चिखल. दुपारी तंबूत बसवेना आणि संध्याकाळी नावेत बसलो तर वाऱ्याने जीव मुठीत. पोहता दोघांनाही येत नाही, पण पाण्याकाठी बसायची हौस आहे. यंदा मेच्या अखेरीस दोन रात्री कुठे राहावं? त्याआधी एखाद-दोन रविवारी सकाळी निघून रात्री परत येण्यासारखं काय आहे? लहान गाडी आहे. ह्यांना एका दिवसात तीन जागा बघायच्या असतात, मला एकाच जागी बसायचं असतं. — मी. आणि अ., कोथरूड

उत्तर : तो फोटो बहुतेक सप्टेंबर-ऑक्टोबरातला असणार. पावसाळा संपताना धरणं भरलेली असतात आणि काठावरच्या तंबूवाल्यांचे फोटो तेव्हाच निघतात. पुण्याच्या आसपास ज्यांना आपण तलाव म्हणतो ते जवळपास सगळे धरणांचे जलाशय आहेत. ते पाणी शेतीसाठी, शहरांसाठी आणि विजेसाठी साठवलेलं असतं आणि उन्हाळ्यात ते वापरलं जाणारच. म्हणून मे महिन्यात आधी काठ निवडायचा, गाव मागाहून.

प्रत्येक जलाशयाला दोन टोकं असतात. एका टोकाला धरणाची भिंत असते. तिथे दरी अरुंद, काठ उभे आणि पाणी खोल. दुसऱ्या टोकाला फुगवटा, म्हणजे भिंतीमुळे मागे पसरलेलं पाणी, संपतो. तिथे जमीन सपाट आणि पाणी उथळ. पातळी सगळीकडे सारखीच उतरते, पण काठ सारखा सरकत नाही. उतार शंभरास एक असेल, तर पातळी तीन मीटर खाली गेल्यावर पाणी तीनशे मीटर लांब जातं. उतार चारास एक असेल, तर तेवढ्याच घटीत ते फक्त बारा मीटर सरकतं. तंबू टाकायला सपाट जागा लागते, म्हणून बरेचसे तंबू नेमके फुगवट्याच्या सपाट काठांवर असतात. तुमच्या वाट्याला आलेला चिखल त्यातलाच.

जागा नक्की करण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, त्या धरणाचा आजचा उपयुक्त साठा, म्हणजे वापरता येण्याजोगं पाणी. जलसंपदा विभाग हे आकडे रोज जाहीर करतो आणि उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतही ते येतात. साठा वीस टक्क्यांच्या खाली असेल, तर फुगवट्याच्या टोकाला राहायचा बेत सोडून द्या. शून्य टक्के किंवा उजनीसारखा ‘उणे’ साठा वाचून धरण कोरडं पडलं असं मात्र समजू नका. उपयुक्त साठ्याच्या खाली, तळाशी, मृतसाठा असतो. तो या टक्क्यांत धरत नाहीत, म्हणून भिंतीजवळ पाणी दिसत राहतं. दुसरी गोष्ट, उपग्रह नकाशा. पाण्याभोवती तांबूस-पांढुरका, झाडं नसलेला पट्टा दिसतो, तेवढी जमीन दरवर्षी उघडी पडते. तुमच्या हॉटेलसमोर तो पट्टा दोन-तीनशे मीटर रुंद दिसला तर ती जागा हिवाळ्यासाठी राखून ठेवा. तिसरी, हॉटेलवाल्याकडे खोलीपासून पाण्यापर्यंत चालत काढलेला आजचा व्हिडिओ मागा. ज्याच्याकडे पाणी खरंच जवळ आहे तो पाच मिनिटांत पाठवतो.

आता दोन रात्रींसाठी. मेच्या अखेरीस आमचं मत सरळ भंडारदऱ्याला. तिथलं प्रवरा नदीवरचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. भिंत ऐंशी मीटरहून उंच आहे आणि शेंडी हे गाव भिंतीच्या अगदी जवळ वसलेलं आहे. त्यामुळे शेंडीत पाणी शोधत फिरावं लागत नाही. रतनवाडी आणि उडदावणे ही गावं जलाशयाच्या दुसऱ्या अंगाला आहेत. जानेवारीत तिथे राहणं फार सुंदर, पण मेअखेरीस तिथल्या तंबूसमोर गाळ असण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा मुक्काम शेंडीत करा आणि रतनवाडीला गाडीने जाऊन या.

पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर आणि शेंडी असा रस्ता धरा. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, थांबे धरून साडेचार ते पाच तास. ओतूर-कोतूळवरून अंतर कमी पडतं, पण रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. लहान गाडीने पहिल्यांदा जाताना संगमनेरचाच बरा. पहाटे साडेपाचला निघालात तर ऊन चढायच्या आत राजूर ओलांडाल.

राजूर ते शेंडीच्या वाटेवर रंधा धबधबा लागतो. इथे अनेकांची निराशा होते, कारण मे महिन्यात रंधा चालू असेलच असं नाही. तो धरणाच्या खाली आहे आणि उन्हाळ्यात त्याला पाणी येतं ते धरणातून सोडलेलं. भिंतीजवळचा अंब्रेला फॉलही तसाच. झडपा उघडल्या की पाणी गोल खडकावर पडून छत्रीसारखं पसरतं, बंद असल्या की नुसता खडक. म्हणून हॉटेलला फोन कराल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा : “उन्हाळी आवर्तन चालू आहे का?” (आवर्तन म्हणजे शेतीसाठी धरणातून ठरावीक दिवस सोडलेलं पाणी.) चालू असेल तर दोन्ही बघायला मिळतील. मात्र आवर्तन चालू असो वा नसो, भिंतीच्या खालच्या अंगाला नदीपात्रातल्या खडकांवर जाऊन बसू नका. विसर्ग वाढला की कोरडे खडक बघता बघता पाण्याखाली जातात. भोंगा वाजलेला प्रवाहाच्या आवाजात नेहमी ऐकू येईलच असं नाही.

पहिल्या दिवशी दुपारी जेवून झोपा. खरंच झोपा, कारण रात्री जागायचं आहे. साडेचार-पाचला उन्हाची धार कमी झाली की काठावर जा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास नाव घ्या, नऊपर्यंत परत या आणि न्याहारी करून रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर बघा. शिलाहारकालीन मंदिर आहे, बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतं आणि जवळची पुष्करणीही बघण्याजोगी आहे. नावेने रतनवाडीपर्यंत नेऊ असं कुणी म्हणालं तर विचारा की उतरल्यावर देवळापर्यंत किती चालायचं. पाणी उतरल्यावर नाव अलीकडेच थांबते आणि पुढचं अंतर उन्हात, गाळातून काढावं लागतं. अकरापर्यंत परत खोलीत. संध्याकाळी घाटघरचा कोकणकडा. घाटघरला वीजप्रकल्पाचं जे वरचं धरण आहे, त्याच्या काठाशी पाय सोडून बसू नका. तिथलं पाणी वीज बनवायला खाली सोडतात आणि पंपाने परत वर चढवतात, त्यामुळे पातळी एकाच दिवसात वरखाली होते. सांदण दरी या फेरीत ठेवू नका. मेच्या उन्हात तापलेल्या खडकांवरून तासन् तास चालण्यासाठी तुम्ही निघालेला नाही.

मेअखेर म्हणजे काजव्यांचे दिवस. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, वळवाच्या एखाद-दोन सरी पडून हवा दमट झाली की, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते हजारोंनी लुकलुकतात. शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे या अंगाला एक रात्र जा आणि कोलटेंभे, रतनवाडीच्या अंगाला दुसरी. पंचांग बघून अमावास्येच्या आगेमागे तारखा धरा, चांदण्यात निम्मी मजा जाते. रात्री आठ ते दहा ही वेळ चांगली. शनिवार-रविवारी या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, वाहतुकीवर निर्बंध येतात आणि हेडलाइटच्या उजेडात काजवे दिसतच नाहीत. रजा टाकायचीच असेल तर मंगळवार-बुधवारची टाका. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याचं शुल्क भरावं लागतं आणि त्यांनी घातलेली वेळ पाळावी लागते.

तिथे वागायचं कसं, हेही सांगायला हवं. गाडी रस्त्याच्या कडेला लावून सगळे दिवे बंद करा. आतला दिवासुद्धा. मोबाइल खिशात ठेवा. पहिली दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावत नाहीत आणि “काही विशेष नाही” असं वाटून लोक परत फिरतात, तेव्हा थांबा. चालण्यापुरता उजेड हवा असेल तर विजेरीच्या काचेला लाल जिलेटीन कागद दुहेरी बांधा आणि झोत पायाशीच ठेवा. नर काजवा लुकलुकतो तो मादीला बोलावण्यासाठी. त्यांना हे करायला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात आणि फ्लॅशच्या उजेडात तो संकेत पोचतच नाही. फांदी हलवू नका, काजवा हातात धरू नका. झाडाखालच्या गवतात शिरू नका, कारण जमिनीलगत माद्या असतात. शिवाय ते साप-विंचवांचे दिवस. पायात बंद बूट हवेत.

आता रविवारच्या फेऱ्या. तुमच्या भांडणाचा निकालही इथेच लावू. एका दिवसात एकच पाणी. उन्हाळ्यात तळ्याकाठी बसण्याजोगे तास मोजून पाच-सहा असतात, सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते साडेसात. तीन तलाव करायचे म्हटले की दोन तरी बाराच्या उन्हात पडतात आणि ते कुणालाच आवडत नाहीत. सकाळ पाण्याकाठी, मधले तास सावलीत दुसऱ्या एखाद्या जागी, संध्याकाळ हवी असेल तर पुन्हा त्याच पाण्याशी. फिरण्याची हौस असणाऱ्याने मधल्या तासांची जागा निवडावी, बसणाऱ्याने काठावरचं झाड. एका बाजूचा प्रवास दोन तासांच्या वर जाऊ देऊ नका.

पहिला रविवार भाटघरला. सातारा रस्त्याने कापूरहोळ, तिथून भोरच्या दिशेला वळायचं. भोरपर्यंत साठ किलोमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात इथे जावं याचं एक खास कारण आहे. पाणी उतरलं की जलाशयातून कांबरे गावाजवळचं कांबरेश्वराचं जुनं देऊळ वर येतं. एरवी वर्षातले बरेच महिने ते पाण्याखाली असतं. देऊळ किती उघडं पडलं आहे आणि गाडी कुठपर्यंत जाते, हे त्या बाजूच्या गावात विचारूनच निघा. उघड्या पात्रातून चालावं लागतं, म्हणून नऊच्या आत बघून व्हायला हवं. मधल्या तासांसाठी परतीच्या वाटेवर नसरापूरचं बनेश्वर. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं देऊळ, भोवती दाट झाडी, भर मेमध्येही तिथे गार वाटतं. डबा तिथेच खा. मात्र रविवारी दुपारनंतर गर्दी वाढते.

दुसरा रविवार पवना धरणाला. कामशेतवरून पवनानगर. इथेही पाणी ओसरलं की वाघेश्वराचं देऊळ दिसू लागतं आणि समोर तिकोना, तुंग, लोहगड असे गड उभे असतात. वाटेत बेडशाची लेणी आहेत. तोंड पूर्वेला, म्हणून कोवळ्या उन्हात जा. पायऱ्या बऱ्याच आहेत, नंतर चढवत नाहीत. तंबूचा मोह इथे नको. बसून परत या.

उजनीकाठी भिगवण-कुंभारगावला रोहित (फ्लेमिंगो) बघायला जायचं मनात असेल तर ते एप्रिलच्या मध्यापर्यंतच, पहाटे निघून. मेमध्ये तिथलं ऊन भाजून काढतं आणि स्थलांतर करणारे बहुतेक पक्षी गेलेले असतात. तापोळ्याचं नाव तुम्हाला पुष्कळ जण सुचवतील. कोयनेचा शिवसागर जलाशय देखणाच आहे, पण तापोळा फुगवट्याच्या टोकाशी येतं, शिवाय मेमध्ये महाबळेश्वरच्या गर्दीतून जावं लागतं. ते डिसेंबरात करा.

देवळांकडे जाताना गाळाची एक गोष्ट लक्षात ठेवा. पाणी उतरल्यावर वरचा थर वाळतो, त्याला भेगा पडतात आणि तो टणक दिसतो. खाली हात-दीड हात ओला गाळ तसाच असतो. फिकट रंगाची, रुंद भेगांची, गवत उगवू लागलेली जमीन बरीचशी पक्की. गडद, चमक असलेली किंवा पाय टाकल्यावर हलणारी जमीन दिसली की मागे फिरा. गुरं ज्या पायवाटेने पाण्यावर जातात ती वाट धरावी. गाळपेर केलेल्या पट्ट्यांतून, म्हणजे उघड्या पडलेल्या जमिनीत लावलेल्या भाजीपाल्यातून चालू नये, ते कुणाचं तरी पीक आहे. गाडी काठापर्यंत नेऊ नका, मुरमाचा रस्ता संपतो तिथेच लावा. चाक रुतलंच तर अॅक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक आणखी खाली जातं. पुढच्या चाकांतली हवा वीस पीएसआयच्या आसपास आणा, चाकापुढचा गाळ हाताने काढा, गाडीतल्या पायपुसण्या चाकाखाली सरकवा आणि पहिल्या गियरमध्ये सावकाश बाहेर या. नाहीच जमलं तर गावातून ट्रॅक्टर बोलवा. हवा मात्र हायवेला लागण्याआधी परत भरा.

पोहता येत नाही, तेव्हा एक गोष्ट दोघांनी आधीच ठरवा : पाण्यात पाय बुडवण्याच्या पुढे जायचं नाही. पाणी कमी आहे म्हणजे धोका कमी, असं मुळीच नाही. जलाशयाच्या तळाशी जुनं नदीपात्र, शेतांचे बांध, झाडांचे बुंधे आणि कधी विहिरीसुद्धा असतात. गुडघाभर पाण्यातलं पुढचं पाऊल पुरुषभर खोलीत पडतं. एक घसरला की दुसरा धरायला धावतो आणि बहुतेक वेळा असेच दोघंही जातात. म्हणून काठाशी बसताना दहा मीटर दोरी आणि झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन जवळ ठेवा. दोरीचं एक टोक कॅनच्या कडीला पक्कं बांधा. काही झालं तर काठावरूनच कॅन फेकायचा आणि ओढायचं. मागे उडी मारायची नाही.

नावेच्या भीतीबद्दल. तुमची भीती योग्यच होती. मेमध्ये दुपारी तीननंतर वारा उठतो आणि वळवाचं वादळ दहा मिनिटांत येतं. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनीत कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट अशाच वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. म्हणून नाव सकाळीच. जॅकेट काठावर असतानाच घाला, सगळे बक्कल लावा आणि एकमेकांच्या जॅकेटच्या खांद्यांना धरून वर ओढून बघा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते सैल आहे, लहान मापाचं मागा. चिंध्या झालेलं, बक्कल तुटलेलं जॅकेट देणाऱ्याची नाव सोडून द्या, पैसे दिले असले तरी. नावेत फोटोसाठी उभं राहायचं नाही. गडगडाट ऐकू आला की काठ गाठायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यावर परतायचं नाही. त्या वेळी एकट्या झाडाखालीही थांबू नका, गाडीत बसा.

तंबूच हवा असेल तर दोन माणसांचा म्हणून विकतात तो घेऊ नका. त्यात दोघं अंग चोरून झोपतात आणि सामान बाहेर राहतं. चार जणांचा घ्या. पूर्वेला झाड किंवा भिंत असेल अशा ठिकाणी लावा, म्हणजे सकाळचं ऊन उशिरा येईल. दार वाऱ्याच्या दिशेला, वरचं पावसाळी आवरण कडेने जरा उचलून ठेवा. तरी आठनंतर आत बसवणार नाही. मेमध्ये साधी कौलारू किंवा पंख्याची खोली आम्हाला जास्त पटते.

पाणी माणशी चार लिटर धरा, त्यातलं निम्मं घरूनच भरून न्या. ओआरएसची एक लिटरची चार पाकिटं, एक पाकीट एक लिटरमध्येच विरघळवायचं, ग्लासात नाही. कोकम सरबत, काकडी, दशम्या-चटणी उन्हात टिकतात. श्रीखंड, अंडी, कापलेली फळं नेऊ नका. मूळ ओळखपत्रं दोघांचीही जवळ ठेवा, आडनावं वेगळी असली तरी काही बिघडत नाही. थोडी रोख रक्कम ठेवा, कारण मुरशेत-उडदावण्याच्या बाजूला मोबाइलची रेंज जाते आणि पैसे पाठवता येत नाहीत. पेट्रोल अकोल्यातच पूर्ण भरून घ्या.

बुकिंग करताना रद्द करण्याची मुदत विचारून घ्या. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला होता. मोठा पाऊस लागला की काजवे कमी होतात, घाटघरकडच्या रस्त्यावर धुकं उतरतं आणि रात्री गाडी चालवणं धोक्याचं होतं. हवामान खात्याचा पाच दिवसांचा अंदाज निघण्याच्या दोन दिवस आधी बघा. जोराचा पाऊस दिसला तर तारीख आठवडाभर पुढे ढकलण्यापेक्षा पैसे परत घ्या आणि त्या दोन रजा ऑक्टोबरासाठी ठेवा. तेव्हा जलाशय भरलेला असतो आणि रतनवाडीतही काठावर मुक्काम करता येतो.